लेकीकडं अमेरिकेला चाललाय? मग सील आणि सी लायन ओळखायला शिकून जा

आमच्या भिशीच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी सॅन डिएगो नाहीतर सॅन फ्रान्सिस्कोवरून व्हिडिओ टाकतंय. खडकावर पसरलेले काळे लठ्ठ प्राणी, मागं भुंकल्यासारखा आवाज आणि खाली लिहिलेलं "किती गोड सील". मी आधी गप्प बसायचे, आता नाही बसत, कारण ते बहुतेक वेळा सील नसतातच, सी लायन असतात. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, अगं दोन्ही एकच की, काय फरक पडतो? म्हणलं काकू, म्हैस आणि गाय दोन्ही दूध देतात म्हणून एकच म्हणाल का?

तर सोलापुरातनं बरेच जण पोराकडं, लेकीकडं सहा-सहा महिने जाऊन राहतात, त्यांच्यासाठी हे सगळं एकदाच लिहून ठेवतेय. मी काही प्राणीशास्त्राची बाई नाही. लेकीच्या बाळंतपणाला जानेवारीत सॅन डिएगोला गेले होते (सिद्धेश्वराची गड्डा यात्रा चुकली त्या वर्षी, नंदीध्वज मोबाईलवर बघितले), आणि आमचं बाळराजे घरात झोपायचं नाव काढत नव्हते, समुद्राच्या वाऱ्यावर गाडीत घातलं की दोन मिनिटांत गप. म्हणून रोज ला होयाला, म्हणजे सॅन डिएगोच्या समुद्रकाठच्या भागात, चक्कर. स्पेलिंग बघून मी ला जोल्ला म्हणायचे, जावई लई हसायचे. तिथं एक वाकडी काँक्रीटची भिंत समुद्रात गेलीय, १९३१ साली एलन ब्राउनिंग स्क्रिप्स नावाच्या दानशूर बाईंनी बांधून दिलेली, लहान पोरांना लाटांची भीती न वाटता पोहता यावं म्हणून. चिल्ड्रन्स पूल म्हणतात. आता गंमत अशी की पोरांपेक्षा सीलनाच ती जागा जास्त आवडली. आणि तिथून चालत दहा मिनिटांवर ला होया कोव्ह, तिथं सगळा सी लायनचा मुक्काम. म्हणजे एका चकरेत दोन्ही बघायला मिळतात, शिकायला याच्यासारखी जागा नाही. भिंतीवर माहिती सांगणारे स्वयंसेवक असतात, त्यातल्या एक सत्तरीच्या बाई माझ्या मोडक्या इंग्रजीला न कंटाळता रोज एक एक गोष्ट सांगायच्या.

पहिली गोष्ट त्यांनी हीच सांगितली, तोंडाकडं बघू नका, चालीकडं बघा. तोंड दोघांचंही कुत्र्यासारखं, मिशा दोघांनाही, ओले झाले की रंगही कळत नाही. पण जमिनीवर दोन पावलं हलला की लगेच ओळखू येतो.

सील कसा चालतो हे समजून घ्यायचं असेल तर घरी करून बघा. सोलापुरी चादर घ्या, त्यात खांद्यापासून पायापर्यंत स्वतःला घट्ट गुंडाळून घ्या, पालथे पडा आणि आता हात न वापरता पुढं सरका. पोटावर उसळी मारत, सुरवंटासारखं, धप धप धप, मग दम लागला म्हणून थांबायचं. हाच सील. त्याचे मागचे पाय कायम शेपटीसारखे मागंच असतात, पुढं वळतच नाहीत, कमरेची हाडंच तशी आहेत. सी लायनचं तसं नाही. तो मागचे पाय पोटाखाली पुढं वळवतो, पुढच्या हातांवर छाती उचलतो आणि चक्क चार पायांवर चालतो, डुलत डुलत, खडक चढतो, पायऱ्या चढतो. ला होयाला एवढ्या उंच कातळावर हे कसे पोचले म्हणून लोक तोंडात बोट घालतात, ते असे चालत चढतात.

पाण्यात बरोबर उलटं. सील मागच्या पायांनी पोहतो, मासा शेपूट हलवतो तसे दोन्ही पाय डाव्या-उजव्या बाजूला मारत, हात अंगाला चिकटलेले. सी लायन पुढच्या लांब हातांनी पाणी मागं ढकलतो, पक्षी पंख मारतो तसं, मागचे पाय फक्त वळायला. मी लक्षात ठेवायला सोपं केलंय, सील म्हणजे आपली रिक्षा, इंजिन मागं. सी लायन म्हणजे कार, इंजिन पुढं. भिशीत हे सांगितल्यापासून एकीलाही परत सांगावं लागलं नाही.

झोपलेला असेल, हलतच नसेल तर? (आणि बहुतेक वेळा झोपलेलाच असतो.) मग कान बघा. सी लायनला डोक्याच्या बाजूला छोटी, सुरळी केल्यासारखी कानाची पाळी असते, लांबून मिरचीच्या देठासारखी दिसते. सीलला पाळी नाही, नुसतं भोक. ऐकायला मात्र दोघांना चांगलं येतं, उगीच बहिरा समजू नका. मग हात बघा. सीलचे पुढचे हात आखूड, केसाळ, टोकाला नखं, मांजराच्या पंज्यासारखे. सी लायनचे लांब, काळे, चामड्याच्या हातमोज्यासारखे गुळगुळीत. आणि खाजवताना बघा, सी लायन मागचा पाय पुढं आणून कुत्र्यासारखा मान खाजवतो, सीलला ते जमत नाही, तो बिचारा पुढच्या आखूड पंज्यानं जेवढं पोचेल तेवढंच खाजवतो.

नुसतं डोकं पाण्याबाहेर दिसत असेल तर जरा अवघड. सील सहसा नुसतंच टक लावून बघत बसतो आणि मग लिफ्ट खाली जावी तसा सरळ खाली जातो, पाणीसुद्धा हलत नाही. सी लायन मान जास्त बाहेर काढतो, आणि बुडताना डोकं पुढं घालून गोल वळून जातो. लाट फुटताना तिच्यावर कुणी घसरत येताना दिसलं तर शंकाच नको, तो सी लायन. आपल्या पोरांनी घसरगुंडीवर करावा तसा तासभर तोच खेळ करतात, लाट संपली की परत मागं जाऊन पुढची पकडायची.

आता नावाचा घोळ सांगते कारण इथंच सगळे फसतात. शास्त्रज्ञांनी तीन घराणी केलीत, एक बिनकानाचे खरे सील, एक कानवाले आणि तिसरा एकटा वॉलरस, सुळेवाला, तो ओळखायला काही शिकायला नको. कानवाल्यात सी लायन आणि फर सील दोन्ही येतात, म्हणजे फर सील नावानं सील पण घराण्यानं सी लायनकडचा, चार पायांवर चालणारा! एलिफंट सील मात्र खरा सील. आणि सर्कशीत नाकावर चेंडू तोलणारा, ज्याला आपण लहानपणापासून सील म्हणत आलो, तो बहुतेक करून कॅलिफोर्नियाचा सी लायन असतो. पुस्तकात याला समुद्रसिंह म्हणतात. सिंहाचा आणि त्याचा संबंध आडनावापुरताच, खरे भाऊबंद अस्वल आणि पाणमांजर.

एक शॉर्टकट देते जो स्वयंसेवक बाईंनी सांगितल्यावर मी वहीत लिहून घेतला होता. उत्तर अटलांटिक समुद्रात सी लायन आणि फर सील राहतच नाहीत. म्हणजे तुमचा मुलगा बोस्टनला, न्यू जर्सीला, लंडनला, आयर्लंडला असेल आणि किनाऱ्यावर असं काही दिसलं, तर डोळे झाकून सील म्हणा. कॅलिफोर्निया, ओरेगॉन, वॉशिंग्टन म्हणजे दोन्ही असू शकतात, चाल बघावीच लागेल. केपटाऊनच्या धक्क्यावर दिसला तर तो बहुतेक केप फर सील, कानवाला. न्यूझीलंडला कायकौराच्या खडकांवर पडलेले तेही फर सीलच. आपल्या भारताच्या किनाऱ्यावर मात्र यातलं कुणीच राहत नाही, त्यामुळं गणपतीपुळ्याला सील दिसला म्हणून फॉरवर्ड आला तर आधी नीट बघा, मग पुढं पाठवा. (आणि दुकानाला लागतं ते सील वेगळं, हे आमच्या ह्यांना सांगावं लागलं होतं.) समुद्र लागतोच असंही नाही बरं का, सायबेरियातल्या बैकाल तळ्यात गोड्या पाण्याचे सील राहतात, समुद्रापासून आपल्या सोलापूरपेक्षा कितीतरी लांब. हे ऐकल्यापासून कंबर तलावाकडं बघताना मला उगाच हसू येतं.

स्वभावातला फरक तर डोळे मिटूनही कळतो. कोव्हला पोचायच्या आधीच कान आणि नाक दोन्ही सांगतात की सी लायन आले. वास असा की पहिल्या दिवशी मी ओढणी नाकाला लावली ती गाडीत बसेपर्यंत काढली नाही. आवाज म्हणजे गड्ड्यातले सगळे भोंगे एकदम सुरू. नर सतत भुंकत असतात, विशेष करून उन्हाळ्यात, ही माझी जागा, ही माझी जागा, असं दिवसभर ओरडायचं आणि कडेकडेनं फेऱ्या मारायच्या. स्वतःचा ताबा धरून बसलेला नर दिवसेंदिवस खायलाही पाण्यात जात नाही, गेला तर दुसरा येऊन बसेल ना. मोठा नर ओळखायला कपाळ बघा, डोक्यावर उंचवटा आलेला असतो, तीनेकशे किलोचा ऐवज. मादी शंभर किलोच्या आसपास, सडपातळ, कपाळ सपाट.

आणि ते झोपतात कसे! आषाढीला पंढरपूरच्या गाडीची वाट बघत एस्टी स्टँडवर लोक झोपतात ना, याचं डोकं त्याच्या पोटावर, त्याचा पाय हिच्या तोंडावर, अगदी तसे. बाजूला हवी तेवढी मोकळी जागा असली तरी एकमेकांवरच पडणार. सॅन फ्रान्सिस्कोला पिअर ३९ नावाच्या धक्क्यावर १९८९ च्या सुमाराला असेच येऊन बसले ते आजतागायत आहेत, बोटी लावायचे तराफे शेवटी त्यांनाच द्यावे लागले.

चिल्ड्रन्स पूलवरचे सील, त्यांना हार्बर सील म्हणतात, ते याच्या अगदी उलट. एका किनाऱ्यावर शंभर जण असले तरी प्रत्येकात हातभर अंतर, दुसरा जवळ सरकला की पंजा हलवून नाहीतर फुरफुर करून सांगणार, लांब हो. जमिनीवर बहुतेक गप्प. आमचे हे दोन महिन्यांनी आले तेव्हा पहिल्या दिवशी म्हणले, काय बघूलालीस एवढं तासभर, दगडच हैत की. आणि खरंच ठिपक्याठिपक्यांचे दगडच वाटतात, डोळे मिटून पडलेले. प्रत्येकाचे ठिपके वेगळे असतात पण, मी तीन-चार जणांना ओळखायला लागले होते. सीलना आवाजच नाही असं मात्र समजू नका, बोस्टनच्या मत्स्यालयात हूवर नावाचा एक हार्बर सील होता, तो चक्क माणसासारखं इंग्रजी बोलायचा, जाड्या भरड्या आवाजात हॅलो देअर वगैरे. १९८५ ला गेला तो. सी लायनकडं असलं बोलणं नाही पण ताल आहे, सांताक्रूझच्या प्रयोगशाळेतली रोनन नावाची सी लायन गाण्याच्या ठेक्यावर बरोबर मान हलवते, त्यावर २०१३ मध्ये शोधनिबंध आला होता.

आता मुख्य काम, ते काय करतायत हे समजणं. कारण आपण बघतो, आपल्याला दया येते आणि आपण नको ते करतो.

सील डोकं आणि शेपूट दोन्ही वर उचलून केळ्यासारखा वाकून पडलेला दिसला तर त्याच्या पोटात दुखत नाहीये. अंगावर चरबीचा जाड थर असतो पण डोकं आणि पाय यांना तेवढा नाही, तिथून थंडी लागते, म्हणून पाणी आलं की ती टोकं कोरडी ठेवायची. आपण थंडीत पाय पोटाशी घेतो तसंच. सी लायन पाण्यात आडवा पडून एक हात नाहीतर पाय हवेत धरून तरंगत असेल, कधी कधी पाच-सहा जणांचा तराफाच असतो, तर तेही बुडत नाहीयेत, अंगाचं तापमान सांभाळायला पातळ कातडीचा हात बाहेर काढलेला असतो. तिथले लाइफगार्ड सांगतात की नवीन लोक येऊन सारखं सांगतात, तिकडं एक अडकलाय, हात वर करून मदत मागतोय.

पाण्यात उभी बाटली तरंगावी तसा सील फक्त नाक वर ठेवून निपचित असेल तर झोपलाय. श्वास संपत आला की वर येतो, घेतो, परत खाली. याच्यातला उस्ताद एलिफंट सील, दोन किलोमीटरहून खोल जाऊ शकतो. कॅलिफोर्नियातल्या माद्यांच्या डोक्याला यंत्रं लावून बघितलं तर समुद्रात असताना त्या दिवसाला फक्त दोनेक तास झोपतात, तेही खोल पाण्यात दहा-दहा मिनिटांच्या डुलक्या घेत, झोपेतच गोल गोल गिरक्या घेत खाली जातात. २०२३ मध्ये हे छापून आलं तेव्हा लेकीला म्हणलं, बघ, तुझ्यासारखंच, नवी आई. (तसं नाही ते, पण बरं वाटलं तिला.)

डोळ्यातनं पाणी गळून खाली ओली रेघ दिसते, त्याला रडणं समजू नका. आपलं अश्रूचं पाणी नाकात उतरायला नळी असते, यांना ती तशी नाही, म्हणून पाणी गालावरच येतं. उलट डोळ्याभोवती ओलं वर्तुळ असणं चांगलं, अंगात पाणी पुरेसं आहे म्हणायचं.

लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को गाडीनं गेलात तर सॅन सिमिऑनजवळ पिएद्रास ब्लांकासला थांबाच. तिथं एलिफंट सीलचा अख्खा किनारा भरलेला असतो, नराला सोंडेसारखं नाक. उन्हं वाढली की पंज्यानं ओली वाळू पाठीवर उडवत असतात, आपण मे महिन्यात गच्चीवर पाणी मारतो तसं अंग गार करायला. आणि उन्हाळ्याच्या दिवसात त्यांचे केस आणि वरची कातडी पापुद्रे निघावेत तशी सोलवटून निघते, दिसायला भयंकर, महारोग झाल्यासारखं, पण ते वर्षाला एकदा होणारच. हे सगळे एकेकाळी संपलेच होते, तेलासाठी मारून मारून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शंभराच्या आत उरले होते, आता दोन लाखांच्या घरात गेलेत.

पिल्लाबद्दल नीट वाचा, कारण मी स्वतः इथं चुकले. फेब्रुवारीत एका सकाळी वाळूवर एकटं पिल्लू, आई कुठंच नाही, आणि ते बारीक आवाजात आई गंऽऽ म्हणल्यासारखं ओरडतंय. माझ्या हातात महिन्याचा नातू. मला काही सुचेना, मी रडायलाच लागले, बाईंना म्हणलं काहीतरी करा हो. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणल्या थांबा. पाऊण तासानं आई पाण्यातनं आली, नाकाला नाक लावलं, वास घेतला आणि आडवी झाली पाजायला. हार्बर सीलचं पिल्लू जन्मल्यावर काही तासांत पोहायला लागतं, पण प्रत्येक वेळी आईबरोबर जात नाही. दूध इतकं सायीचं की चार-सहा आठवड्यांत पिल्लू गरगरीत होतं आणि मग आई सोडून जाते, कायमची. सी लायनची पद्धत वेगळी, आई दोन-तीन दिवस मासे धरायला जाते, येते, पाजते, परत जाते, असं सहा महिने ते वर्षभर. परत आली की ओरडते, पिल्लू ओरडतं, एवढ्या गोंगाटात दोघं एकमेकांचा आवाज ओळखतात, मग वासानं खात्री.

म्हणून एकटं पिल्लू दिसलं तर उचलायचं नाही, पाणी ओतायचं नाही, समुद्रात ढकलायचं तर अजिबातच नाही. तुम्ही जवळ उभे असाल तर आई घाबरून येतच नाही, म्हणजे तुमच्या मायेनंच ते पोरकं व्हायचं. सीलच्या आणि सी लायनच्या जवळ जाताना अंतर ५० यार्ड ठेवायला सांगतात, म्हणजे क्रिकेटच्या दोन पिचपेक्षा थोडं जास्त. १९७२ पासून कायदा आहे तिथं, त्रास दिला तर दंड होतो, आणि व्हिजिटर व्हिसावर असताना असली भानगड कशाला.

अंतर बरोबर आहे का हे मोजायला टेप लागत नाही, सीलच सांगतात. सगळे डोळे मिटून पडलेत म्हणजे ठीक. एकानं डोकं उचललं, मग दुसऱ्यानं, सगळे तुमच्याकडं बघायला लागले की तुम्ही जास्त जवळ आलात, तिथूनच हळू मागं या. पाण्याच्या दिशेनं सरकायला लागले म्हणजे उशीर झाला. एकदा एक माणूस सेल्फीसाठी दोरी ओलांडून खाली उतरला आणि अर्ध्या मिनिटात पन्नास-साठ सील धडाधड पाण्यात, दोन पिल्लं मागंच राहिली. आया परत यायला दुपार झाली. सी लायनही घाबरून पाण्यात पळतात, पण कधी कधी नर उलट अंगावर येतो, आणि तो चालतो हे विसरू नका, खडकावर तुमच्यापेक्षा जोरात. दोघांचाही चावा वाईट, सीलच्या चाव्यानं बोट सुजून जंतुसंसर्ग होतो त्याला तिकडं सील फिंगर असं नावच आहे.

खरंच आजारी असेल तर कसं ओळखायचं? सी लायन मान मागं टाकून आकाशाकडं बघत डोकं डुलवत असेल, थरथरत असेल, फेस येत असेल तर ते नाटक नाही. समुद्रात एक प्रकारचं शेवाळं वाढलं की त्यातलं डोमोइक ॲसिड नावाचं विष बांगडा-तारलीसारख्या छोट्या माशांतून यांच्या पोटात जातं आणि मेंदूवर परिणाम होतो, फिट येतात, एरवी शांत असलेला अंगावर धावतो. २०२५ च्या वसंतात दक्षिण कॅलिफोर्नियात याची मोठी साथ आली होती. असा दिसला, किंवा गळ्यात जाळं-प्लॅस्टिक अडकलेलं, जखम झालेली दिसली, तर लांबूनच फोटो काढा आणि लाइफगार्डला जागा सांगा. बस, तेवढंच आपलं काम.

ला होयाला कधी जायचं तर सीलची पिल्लं बघायला फेब्रुवारी-मार्च. चिल्ड्रन्स पूलचा किनारा १५ डिसेंबर ते १५ मे बंद असतो, पण भिंतीच्या कठड्यावरनं सगळं दिसतं. सी लायनची पिल्लं जून-जुलैत. ओहोटीची वेळ मोबाईलवर बघून जा, खडक उघडे पडले की सील जास्त दिसतात. घरची दुर्बीण असेल तर बॅगेत टाका, नान्नजला माळढोक पक्षी दिसेल म्हणून आम्ही घेतलेली तीच कामाला आली, माळढोक काही तिच्यात दिसला नव्हता. सकाळी आठच्या आत पोचलात तर पार्किंग मिळतं. आणि कोव्हला जाताना चांगली साडी नेसू नका, तो वास दोन धुण्यात जात नाही.